कॉन्सर्ट बँडसाठी इटालियन ऑपेराच्या वळणाचं ओव्हर्चर: रचना, वाद्यवाटप, तालीम

लांब फुंक

एका हौशी कॉन्सर्ट बँडसाठी (फुंकवाद्यं आणि तालवाद्यांचा वृंद) स्वतंत्र ओव्हर्चर, म्हणजे ऑपेराआधी वाजतो तसा वाद्यतुकडा, लिहून होत आलं आहे. कुठल्याही ऑपेरातली धून उचललेली नाही. ढंग मात्र उघड इटालियन ऑपेराकार रॉसिनीचा आहे, आणि सुरुवातीला व तुकडा संपताना तरुण व्हेर्दीची सावली आहे.

वादक ४३: पिकोलो १, फ्लूट ४, ओबो १, बसून १, ई फ्लॅट क्लॅरिनेट १, बी फ्लॅट क्लॅरिनेट १० (पहिल्या ३, दुसऱ्या ४, तिसऱ्या ३), बास क्लॅरिनेट १, आल्टो सॅक्स ३, टेनर १, बॅरिटोन १, ट्रम्पेट ५, हॉर्न ३, ट्रॉम्बोन ३, युफोनियम २, ट्यूबा २, तालवाद्यं ४.

आराखडा असा आहे. संथ प्रस्तावना २४ बार, ४/४ (एका बारात चार मात्रा), लय ६० (मिनिटाला ६० मात्रा). मग अलेग्रो (जलद भाग) १६० बार, लय १३८. शेवटी स्ट्रेटा (आणखी वेगवान समाप्ती) २४ बार, लय १६०. एकूण ६ मिनिटं ५० सेकंद.

तीन अडचणी आहेत. पहिली म्हणजे अलेग्रोची धून क्लॅरिनेटवर जड वाटते, परेडच्या मार्चसारखी. दुसरी, रॉसिनी क्रेशेंडो (तेच वाक्य फेरीफेरीने वाजवत आवाज चढवणं) दुसऱ्या फेरीतच भरून जातो आणि तिसऱ्या फेरीला चढायला जागाच राहत नाही. तिसरी, प्रस्तावनेतली युफोनियमची लांब ओळ सुरात असूनही ‘गायल्यासारखी’ वाटत नाही. जाणकारांनी कृपया तपशिलात सांगावं.

---

कागद-पेन्सिल

क्रेशेंडोपासून सुरू करतो, कारण या प्रकारच्या ओव्हर्चरचा प्राण तिथेच आहे.

रॉसिनीची पद्धत ठरलेली आहे. सुरांचा पल्ला अगदी थोडा असलेलं एक छोटं वाक्य घ्यायचं, चार किंवा आठ बारांचं. खाली टॉनिक आणि डॉमिनंट (पट्टीचा पहिला आणि पाचवा सूर) यांची आलटून-पालटून ये-जा. ते वाक्य तीनदा म्हणायचं आणि प्रत्येक फेरीला नवी वाद्यं जोडायची. आवाज चढतो तो जास्त माणसं सामील होतात म्हणून. आधीपासून वाजवणाऱ्यांनी आपली फुंक फारशी वाढवायचीच नाही. बँडमध्ये नेमकं उलटं होतं. ‘क्रेशेंडो’ हा शब्द दिसला की सगळे दुसऱ्या बारापासून छाती भरून फुंकायला लागतात, आणि आठव्या बारात छत येतं. म्हणून पार्टमध्ये (प्रत्येक वादकाच्या कागदावर) तो शब्द छापूच नका, फुगत जाणारी खूणही नको. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एकच ठाम पातळी लिहा आणि पुढचे आठ बार ती सपाट ठेवा. ऐकणाऱ्याला चढच ऐकू येईल.

तुमच्या ४३ जणांत मी वाटप असं करेन. पहिली फेरी पियानिसिमो (अगदी हळू): दुसऱ्या क्लॅरिनेट ४, तिसऱ्या ३, बास क्लॅरिनेट, एक ट्यूबा. एवढेच ९ जण. दुसरी फेरी पियानो (हळू): त्यात फ्लूट ४, ओबो, बसून, पहिल्या क्लॅरिनेट ३, हॉर्न ३ आणि एक युफोनियम. झाले २२. तिसरी फेरी मेझो फोर्टे (मध्यम जोरात): ट्रॉम्बोन, बास ड्रम आणि झांजा सोडून सगळे, म्हणजे ३८. राहिलेले ५ जण कडव्याचा समारोप सुरू होतो त्या बाराच्या पहिल्या ठोक्यावर येतात, आणि फोर्टिसिमो (पूर्ण जोरात) हा शब्द तिथे पहिल्यांदा छापायचा.

ट्रॉम्बोन इतका वेळ गप्प ठेवणं जिवावर येतं, पण ठेवा. ते ३ जण तिसऱ्या फेरीत घुसले की समारोपाला नवं काही उरत नाही.

---

समेआधी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक भर घालतो. केवळ संख्येने मिळणारा चढ वाटतो त्यापेक्षा लहान असतो. एकाच ताकदीचे वादक दुप्पट केले की पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते. ९ चे ४३ झाले तरी हिशेब जेमतेम ७ डेसिबलवर येतो. कानाला जो मोठा चढ जाणवतो तो रंग आणि सप्तक बदलल्यामुळे. पहिली फेरी मधल्या सप्तकात ठेवा, दुसरीत फ्लूट एक सप्तक वर, तिसरीत पिकोलो आणि ई फ्लॅट क्लॅरिनेट त्याहून वर, सोबत ट्रँगल. झांजांचा चकचकीतपणा समारोपाला. पहिल्या फेरीत एकही वाद्य चमकदार नको. ती फेरी मंद आणि झाकलेली असेल, तरच पुढचं उघडणं कानात भरतं.

---

तिसरी बाकडी

मार्चसारखं का वाटतं याचं उत्तर बहुधा पट्टीत आणि जिभेत आहे. अलेग्रो कुठल्या पट्टीत आहे? धूनेचा पल्ला किती?

---

लांब फुंक

अलेग्रो बी फ्लॅट मेजरमध्ये. पहिली धून डॉमिनंटपासून वरच्या मीडिअंटपर्यंत (पट्टीचा तिसरा सूर), मध्ये टॉनिक. तीच ठेवण दुसऱ्या धूनेची, फक्त एफ मेजरमध्ये. पहिली धून सगळ्या क्लॅरिनेटना एकसुरात दिली आहे. सोबतीला सोळांशांच्या (एका मात्रेत चार) पुनरावृत्त सुरांचा पट्टा आहे, तोही क्लॅरिनेटना.

---

तिसरी बाकडी

दोष सापडला. ध्वनी, म्हणजे कानाला ऐकू येणारा, बी फ्लॅट मेजर क्लॅरिनेटच्या कागदावर सी मेजर लिहिला जातो. तुमची धून लिखित मधल्या जी पासून वरच्या ई पर्यंत जाते. म्हणजे जी आणि ए हे घशातले फिके सूर, आणि लगेच बी वर ‘ब्रेक’. ए वाजवताना जवळजवळ सगळी बोटं उघडी असतात आणि बी ला सगळी एकदम झाकावी लागतात. १३८ च्या लयीत हे दहा जण एका क्षणी करू शकत नाहीत. कुणी लवकर झाकतो, कुणी उशिरा, आणि त्या गोंधळाला सावरायला सगळे जोरात फुंकतात. जडपणा तिथून येतो.

पूर्ण अलेग्रो ई फ्लॅट मेजरला न्या. क्लॅरिनेटला एफ मेजर, आल्टो सॅक्सला सी मेजर, हॉर्नला बी फ्लॅट मेजर लिहून येतं, कुणाचीच तक्रार राहत नाही. पहिली धून आता लिखित सी पासून वरच्या ए पर्यंत जाईल, सगळी ब्रेकच्या वर. तिथे क्लॅरिनेट मोकळी बोलते आणि हळू वाजवली तरी स्पष्ट ऐकू येते.

दुसरी धून एक्स्पोझिशनमध्ये (धुनांची पहिली मांडणी) बी फ्लॅटला येईल, म्हणजे क्लॅरिनेटसाठी पुन्हा तोच त्रास. तिथे ती ओबोला द्या. ध्वनी एफ ते डी हा ओबोचा अगदी घरचा टापू आहे. रॉसिनीही दुसरी धून बहुतेक फुंकवाद्यांच्या सोलोलाच देतो, त्यामुळे ढंगही बिघडत नाही. रिकॅपिट्युलेशनमध्ये (त्यांची पुन्हा मांडणी) ती ई फ्लॅटला परत आली की तेव्हा क्लॅरिनेटला द्या. एकाच धूनेचे दोन रंग मिळतील.

सोळांशांबद्दल. १३८ ला सेकंदाला ९.२ सूर होतात. हौशी क्लॅरिनेटवाल्याची एकेरी जीभ साधारण ११२ ते १२० पर्यंत टिकते. फ्लूट आणि ट्रम्पेटला दुहेरी जीभ आहे, क्लॅरिनेटला ती फार थोड्यांना जमते. यावर दोन मार्ग आहेत. एक, चारांपैकी पहिले दोन सूर बांधा आणि पुढचे दोन सुटे ठेवा. मग जीभ चारांत तीनदाच लागते आणि लकाकी टिकते. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: दुसऱ्या क्लॅरिनेटच्या दोन जोड्या करा. पहिली जोडी पहिला ठोका वाजवेल आणि दुसऱ्या ठोक्याचा पहिला सूर वाजवून थांबेल. दुसरी जोडी दुसऱ्या ठोक्यापासून सुरू करून तिसऱ्याचा पहिला सूर घेईल. असा एका सुराचा पदर ठेवला की सांधा ऐकू येत नाही आणि प्रत्येकाला श्वासाला पाऊण ठोका मिळतो. पदर न ठेवता नुसतं आलटून वाजवलं तर दर ठोक्याला खड्डा पडतो.

---

लांब फुंक

हे डोक्यात बसलं. ई फ्लॅटला नेतो. नेताना टिंपनी (ठरावीक सुराला लावायचे मोठे ड्रम) आणि ट्यूबा तपासावे लागतील.

---

मांडवीकाठ

युफोनियमच्या ओळीबद्दल लिहिते.

इटालियन धून कवितेच्या ओळीवर बेतलेली असते, शब्द नसले तरीही. त्या काळच्या इटालियन पद्याच्या बहुतेक ओळी अशा संपतात की शेवटून दुसऱ्या अक्षरावर आघात पडतो आणि शेवटचं अक्षर हलकं असतं. त्यामुळे संगीतातही ओळ समेवर संपत नाही. समेवर आघाताचा सूर येतो, बहुतेक वेळा शेजारचा, थोडा टोचणारा, आणि पुढच्या मात्रेवर तो हलकेच खाली उतरतो. तुमची ओळ जर समेवर लांब टॉनिकवर टेकत असेल तर ती प्रार्थनागीतासारखी वाटणार. प्रत्येक चार बारांच्या शेवटी टॉनिकच्या आधी वरचा सूर समेवर ठेवा, अर्धी मात्रा नव्हे तर पूर्ण मात्रा, आणि टॉनिक दुसऱ्या मात्रेवर हळू.

व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’तला गुलामांचा प्रसिद्ध कोरस घ्या. ओळ दहा अक्षरी, आघात तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या अक्षरावर. म्हणून वाक्य समेवर सुरू होत नाही, दोन हलक्या अक्षरांची उडी घेऊन समेवर पडतं. तुमच्या प्रस्तावनेतलं वाक्य पहिल्या मात्रेवर सुरू होत असेल तर त्याला दोन सुरांची अशी उडी जोडून पाहा. वादकांना आधी ‘ला-ला’वर गायला लावा आणि आघाताच्या अक्षरावर हात खाली आणायला सांगा. गोव्यात चर्चच्या शाळांतून सोल्फेज (लिहिलेले सूर नावांनी गाण्याचा सराव) असंच शिकवत आले: आधी गळा, मग वाद्य. त्या घडणीतले वादक अशी ओळ लगेच पकडतात.

श्वासाचा हिशेब: ४/४ मध्ये ६० च्या लयीत चार बार म्हणजे १६ सेकंद. एका दमात गाणारी ओळ युफोनियमकडून इतकी लांब मागू नका. दुसऱ्या बाराच्या तिसऱ्या मात्रेनंतर श्वासाची खूण छापा. न छापल्यास प्रत्येक जण आपल्या सोयीने मध्येच तोडेल आणि बहुतेक ते समेच्या आधीच तुटेल, म्हणजे नेमका आघातच पोकळ पडेल.

आणखी एक. इटलीत, विशेषतः दक्षिणेकडे पुलिया भागात, बँडवर आख्ख्या ऑपेराचे भाग वाजवायची जुनी परंपरा आहे. गावच्या उत्सवात रोषणाई केलेल्या घुमटी मंचावर, त्याला ‘कासार्मोनिका’ म्हणतात, बँड बसतो. तिथे गायक नसतात. सोप्रानोची भूमिका फ्लिकोर्नो सोप्रानो घेतं, टेनरची फ्लिकोर्नो टेनोरे, बॅरिटोनची त्याच कुळातलं मोठं वाद्य. ही सगळी शंकूच्या आकाराची, मऊ आवाजाची पितळी वाद्यं. तुमच्याकडे फ्लिकोर्नो सोप्रानोच्या सर्वांत जवळ फ्लुगलहॉर्न. पाच ट्रम्पेटपैकी एकाला प्रस्तावनेपुरतं फ्लुगलहॉर्न देता आलं तर ते आणि युफोनियम यांचं युगुलगीत लिहा, सहाव्या अंतराने किंवा तिसऱ्या अंतराने समांतर. व्हेर्दी आणि डोनिझेत्तीच्या युगुलगीतांची चव लगेच येते. ट्रम्पेटवर तीच ओळ कडक लागते.

---

कागद-पेन्सिल

मांडवीकाठ यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

बँड आणि ऑपेराचं नातं इटलीत घट्ट आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी. व्हेर्दीने १८२८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, बुस्सेतोच्या हौशी वाद्यवृंदासाठी रॉसिनीच्या ‘सेव्हिलच्या न्हाव्या’ला स्वतःचं ओव्हर्चर लिहिलं होतं. पुढे त्याच्या ऑपेरांत रंगमंचावर किंवा पडद्यामागे वाजणारा बँड वारंवार येतो, ‘रिगोलेत्तो’चा (१८५१) तर पडदाच त्याच्यावर उघडतो. या बँडचं संगीत तो पियानोसारख्या दोन ओळींत लिहून द्यायचा आणि वाद्यवाटप त्या त्या गावचा बँडमास्तर हाताशी असलेल्या वाद्यांनुसार करायचा. पोंकिएल्ली ‘ला जोकोंदा’ (१८७६) लिहिण्याआधी १८६४ पासून क्रेमोनाच्या बँडचा प्रमुख होता. रोमच्या नगर बँडचे आलेस्सांद्रो व्हेसेल्ला यांनी १८८५ नंतर इटालियन बँडची वाद्यरचना शिस्तीत बसवली. तेव्हा तुम्हीही आधी दोन ओळींत लिहून मग हाताशी असतील त्या वाद्यांत वाटलंत, तर ती पद्धत अस्सल आहे.

---

लांब फुंक

प्रस्तावनेतली सोबत व्हायोलिनच्या पिझ्झिकातोसारखी (बोटाने छेडलेल्या तारेसारखी) हवी आहे. सध्या क्लॅरिनेटना स्टॅकातो (तुटक सूर) आहे, टोचल्यासारखी वाटते. मरिंबा घालावी का?

---

पितळ आणि पाणी

मरिंबा नको, माझं स्पष्ट मत. १८१० च्या दशकातल्या रंगात ती वेगळी उठून दिसते.

छेडलेल्या तारेत दोन गोष्टी असतात: चटकन सुरुवात आणि लगेच ओसरणारा आवाज. स्टॅकातोत पहिली असते, दुसरी नसते. सूर जिभेने कापून बंद होतो. क्लॅरिनेटना सांगा की सूर जिभेने सुरू करा, पण संपवताना जीभ लावू नका, फुंक सोडून द्या. पार्टमध्ये स्टॅकातोच्या टिंबाऐवजी एका मात्रेचा सूर आणि त्यावर छोटी ओसरणारी खूण. खालच्या स्वराला एक ट्यूबा, तोही असाच ओसरणारा. दोन ट्यूबा एकत्र नकोत, दोघांचं ओसरणं कधीच जुळत नाही आणि तळ चिखल होतो. डबल बास वाजवणारा मिळाला तर ट्यूबाला प्रस्तावनेत पूर्ण विश्रांती द्या. एक डबल बास पिझ्झिकातो दहा क्लॅरिनेटना तार बनवतो.

सोबत तीनच पदरी ठेवा: तळ, आणि वर दोन क्लॅरिनेट पार्ट. सॅक्स, हॉर्न कुणी नको. बँडसाठी लिहिताना रिकामे पार्ट पाहून वाईट वाटतं, म्हणून प्रत्येकाला काहीतरी वाजवायला दिलं जातं, आणि तिथेच हलकेपणा मरतो. रॉसिनीच्या ‘इटालियाना इन अल्जेरी’चं ओव्हर्चर (१८१३) आठवा: आधी हळुवार पिझ्झिकातो, आणि अचानक सगळा वाद्यवृंद एका ठोक्यावर कोसळतो. तो धक्का बसतो कारण आधी बहुतेक माणसं गप्प बसलेली असतात.

---

दुसरा हॉर्न

सोबतीतल्या उलट ठोक्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. हॉर्न आणि सॅक्सना ‘ठोका सोडून’ येणारे अष्टमांश (अर्ध्या मात्रेचे सूर) असतील, तर १३८ ला ते हमखास मागे पडतात. कारण वादक खालचा ठोका ऐकून मग प्रतिक्रिया म्हणून वाजवतो. ट्यूबाचा आवाज उमटायला वेळ लागतो, हॉर्नची घंटा मागे तोंड करून असते, दोन्ही उशीर एकावर एक साठतात.

उपाय. कंडक्टरने चारात नाही, दोनात हात द्यायचा, म्हणजे दर दोन मात्रांना एक, मिनिटाला ६९. चारात हात दिला की प्रत्येक ठोक्याला वजन येतं आणि तुमचा मार्च तिथूनही येतो. उलट ठोके फक्त हॉर्नना द्या, सॅक्सना त्याच जागी सरळ धरलेले लांब सूर, अगदी हळू, किंवा काहीच नको. अष्टमांश लिहून पुढे विश्रांती छापण्यापेक्षा सोळांश लिहा, वादक आपोआप आखूड वाजवतात. तालमीत ट्यूबा आणि हॉर्न दोघांनाच घेऊन १०४, ११२, १२०, १२६, १३२, १३८ अशा पायऱ्यांनी चढा. एका पायरीवर आठ बार सलग दोनदा नीट झाले तरच पुढची.

---

चामडं आणि झांजा

तालवाद्यांकडे येऊ.

जुन्या इटालियन पार्टमध्ये ‘ग्रान कास्सा’ एवढंच लिहिलेलं असलं तरी प्रघात असा की बास ड्रम आणि झांजा दोन्ही वाजवायच्या. फक्त ड्रम हवा असेल तर तसं वेगळं लिहायचे. तुम्ही नवं लिहिता आहात, तर दोन्ही ओळी स्वतंत्र छापा, पण दोन वादक खांद्याला खांदा लावून उभे करा. दोघांत तीन मीटर अंतर पडलं तर एक ठोका दोन ऐकू येतात.

१३८ ला एक मात्रा ०.४३ सेकंदाची. बास ड्रम मोकळा सोडला आणि २ सेकंद घुमला तर एका घुमण्यावर पुढचे चार ठोके पडतात आणि ट्यूबाची ओळ पूर्ण झाकली जाते. मागच्या चामड्यावर डावा तळहात, पुढच्याला गुडघा टेकवून वाजवा. मारताना काठी मधोमध नाही, मध्यापासून साधारण एक वीत बाजूला. मधोमध नुसता धप् येतो, सूर नाही. झांजा मोठ्या आणि जड नकोत, १६ किंवा १८ इंची पातळ. प्रत्येक ठोक्यानंतर छातीशी दाबायच्या.

टिंपनी: ई फ्लॅट २६ इंचीवर, बी फ्लॅट २९ इंचीवर. एक्स्पोझिशनचा क्रेशेंडो बी फ्लॅटला आहे, तिथे एफ लागेल. २६ इंची ई फ्लॅटवरून एफ ला चढवावी लागेल, आणि नंतर परत खाली. त्या आधी वादकाला निदान १२ बार विश्रांती द्या. दुसऱ्या धूनेचे १६ बार त्यासाठीच ठेवा. पेडल नसलेल्या टिंपनी असतील तर तिसरा ड्रम मागवा, खुंट्या फिरवून एवढ्या वेळात सूर जुळत नाही.

साइड ड्रम घालायचा मोह होईल, कारण रॉसिनीच्या ‘ला गाझा लाद्रा’चं ओव्हर्चर (१८१७) त्याच्या रोलनेच उघडतं. पण तो आवाज एवढा ओळखीचा आहे की लोकांना ‘त्याचीच नक्कल’ वाटेल. तुमच्या तुकड्याला ट्रँगल पुरे.

---

लांब फुंक

एका जागी रॉसिनीच्या ‘सिन्योर ब्रुस्किनो’सारखी टकटक ठेवली आहे, जिथे दुसरे व्हायोलिन गजाने स्टँडवर ठोकतात. बँडमध्ये कुणाला द्यावी?

---

चामडं आणि झांजा

क्लॅरिनेटना देऊ नका, वाद्य खाली ठेवून पुन्हा उचलण्यात दोन बार जातात आणि रीड आपटते. तिसऱ्या ट्रम्पेटला द्या, डाव्या हातात वाद्य, उजव्या हातात लाकडी पेन्सिल. पत्र्याचं पोकळ स्टँड असेल तर त्याच्या कडेवर मारायचं. सपाट जागी मारल्यास पूर्ण स्टँड घणघणतं आणि कागद उडतो. घडीचं तारेचं स्टँड असेल तर आवाजच येत नाही, मग खुर्चीच्या लाकडी पाठीवर.

---

पितळ आणि पाणी

स्ट्रेटाबद्दल थोडं. १३८ वरून १६० ला जाताना हळूहळू वेग वाढवू नका. रॉसिनीत वेग एका रेघेवर बदलतो, दोनातला हात ६९ वरून थेट ८०. हळूहळू वाढवलं की घसरण वाटते आणि मागच्या रांगा पुढे पळतात. त्या रेघेआधी एक पूर्ण बार फक्त टिंपनी आणि ट्यूबा ठेवा, म्हणजे कंडक्टरला नवी लय दाखवायला जागा मिळेल.

१६० ला सोळांश कुणालाच नकोत, क्लॅरिनेटना बांधलेल्या स्केल द्या. ट्रॉम्बोन इथे पूर्ण मोकळे. व्हेर्दीची सावली हवी म्हणता, तर प्रस्तावनेतला पहिला आवाज तीन ट्रॉम्बोन आणि ट्यूबाचा ठेवा, ‘नाबुक्को’च्या ओव्हर्चरसारखा बंद, गंभीर, पियानिसिमो, दाट कॉर्डमध्ये. मग ते तिघे पुढे जवळजवळ चार मिनिटं गप्प राहिले तरी लोकांच्या कानात राहतात. दोन तालमींत त्यांना ते चार बार स्वतंत्र बसवू द्या. तिसऱ्या ट्रॉम्बोनचा सूर अर्धा श्रुती जरी खाली गेला तरी पूर्ण कॉर्ड आंबट होते, आणि तिथे झाकायला दुसरं कुणी नाही.

---

तिसरी बाकडी

पार्ट छापताना ओबोची धून पहिल्या क्लॅरिनेटच्या पार्टमध्ये लहान अक्षरांत ‘क्यू’ म्हणून छापा. तिथे ब्रेक आडवा येतो, म्हणून क्यूची ओळ एक सप्तक वर. बसूनचा क्यू बास क्लॅरिनेटला, बास क्लॅरिनेटचा टेनर सॅक्सला. एकच ओबोवाला असलेल्या बँडमध्ये तो आजारी पडला की दुसरी धूनच गायब होते. आणि पान उलटायची जागा क्रेशेंडोच्या पहिल्या फेरीत येऊ देऊ नका. ९ जण वाजवत असताना ३४ कागद सळसळले तर पियानिसिमो कुणाला ऐकू येणार नाही.

---

मांडवीकाठ

मंच उघडा असेल तर एक सूचना. हवा एक अंशाने तापली की फुंकवाद्यातल्या हवेचा सूर साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो. आत एसीत २२ अंशांना जुळवून बाहेर ३२ अंशांना बसलात तर बँड वर सरकतो, आणि सगळे सारखे सरकत नाहीत, मोठ्या ट्यूबा जास्त, वाजवून गरम झालेली लहान वाद्यं कमी. मंचावर बसून दहा मिनिटं हळू वाजवल्यावरच जुळवा, आणि जुळवताना ट्यूबाचा बी फ्लॅट आधी, मग त्यावर बाकीचे. उन्हात ठेवलेलं वाद्य थेट जुळवू नका. ट्रॉम्बोनच्या त्या पहिल्या चार बारांना याचा सर्वांत जास्त त्रास होईल.

---

लांब फुंक

सगळ्यांचे आभार. आतापर्यंत केलेले बदल: अलेग्रो ई फ्लॅटला नेला. बारांची वाटणी आता अशी: पहिली धून २४, पूल १६, दुसरी धून ओबोवर १६, क्रेशेंडो २४, समारोप ८, सांधा ४, पहिली धून थोडक्यात १६, पूल ४, दुसरी धून क्लॅरिनेटवर १६, क्रेशेंडो २४, समारोप ८. बेरीज १६० च. क्रेशेंडोची वाटणी ९, २२, ३८, ४३. प्रस्तावनेत फ्लुगलहॉर्न आणि युफोनियमचं युगुलगीत, आधी दोन सुरांची उडी, शेवटी समेवर टोचणारा सूर.

एक शंका राहिली. दोन्ही क्रेशेंडो अगदी सारखे ठेवावेत, की दुसरा वेगळा?

---

कागद-पेन्सिल

संगीत तेच ठेवा, पट्टी ई फ्लॅट. ऐकणाऱ्याला काय येणार हे माहीत असतं आणि त्याचीच मजा आहे. फक्त सुरुवात बदला: पहिल्यांदा ९ जण होते, दुसऱ्यांदा ६ करा, दुसऱ्या क्लॅरिनेट ४, बास क्लॅरिनेट, आणि ट्यूबाच्या जागी बसून. म्हणजे बसूनचा प्रवेश दुसऱ्या फेरीतून काढून ट्यूबाला आणि तिसऱ्या क्लॅरिनेटना तिथे घ्या, आकडा २२ च राहील. पट्टी वर गेल्यामुळे पिकोलो तिसऱ्या फेरीत फार उंच जाईल. तिथे त्याला एक सप्तक खाली आणा आणि समारोपाच्या पहिल्या ठोक्यावर पुन्हा वर सोडा.